उघड्या तोंडाचा आठ

नलवडे मिस्त्रीने खिशातून खडू काढला आणि ट्रकच्या चॅसीवर, इंजिन बसतं तिथल्या आडव्या पट्टीवर दोन रेघा ओढल्या.

"हितनं हितपातूर कापायचं," तो म्हणाला. "मग डिझेल इंजिन बसतंय बगा, मांडी घालून."

मी रुमाल काढून त्या रेघा पुसल्या. त्याने परत ओढल्या. मी परत पुसल्या. कर्नल इंगवले चहाचा कप हातात धरून आमचा हा पोरखेळ बघत उभे होते.

"चौगुले, रुमाल खिशात ठेवा," शेवटी ते म्हणाले. "आज बुधवार. शनिवारी सकाळी दहापर्यंत मूळ जातीचं इंजिन इथे शेडमध्ये पाहिजे, किंवा निदान ते मिळाल्याचा पक्का शब्द. नाहीतर नलवडे कापेल. पुढच्या रविवारी पलटणीची जुनी माणसं येणार आहेत. त्यांना मी ढकलत आणलेला ट्रक दाखवणार नाही."

"साहेब, एकदा कापला की तो ट्रक राहत नाही. चार चाकांवरचं भंगार होतं."

"मग आणा इंजिन."

नलवडे हसला आणि तिसऱ्यांदा रेघा ओढून हात झटकत निघून गेला.

ही १९८७ सालची गोष्ट. रुकडीजवळ कर्नलांचं शेत होतं आणि शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो ट्रक उभा होता. दुसऱ्या महायुद्धातला, कॅनडात बनलेला, बसक्या नाकाचा शेवरलेट. लढाई संपल्यावर सरकारने असे ट्रक लिलावात काढले. कुणी त्यात ऊस भरला, कुणी दगड. इंजिनं मात्र लोकांनी उचकटून विहिरींवर, गिरण्यांवर, लाँचींवर बसवली. धड एका जिल्ह्यात आणि काळीज दुसऱ्या जिल्ह्यात, अशी या गाड्यांची गत झाली होती. त्यांची गाठ घालून देणं हा माझा धंदा होता. पुण्यापासून बेळगावपर्यंत ज्याला जुन्या लष्करी गाडीचं इंजिन ओळखून हवं असे, तो मला बोलावे. ब्लॉकवर ओतलेली अक्षरं आणि ठोकलेले आकडे वाचून मी सांगत असे की हे कुठल्या साली ओतलं, कुठल्या गाडीत होतं, त्यात किती दम उरलाय. माझं चुकत नसे. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे.

नलवडेचं आणि माझं हाडवैर होतं. तो उद्यमनगरातला डिझेल मिस्त्री, शिक्षण सातवी. "सातवी, तीही दोनदा बसून," असं मी एकदा चारचौघांत म्हणालो होतो. तेव्हापासून तो मला 'नंबरवाला' म्हणत असे. कर्नलांच्या ट्रकसाठी त्याने एक डिझेल इंजिन आधीच धुऊनपुसून तयार ठेवलं होतं. मला त्या माणसाचा राग होता, पण त्या दोन खडूच्या रेघांचा त्याहून जास्त होता. पंचेचाळीस वर्षं त्या चॅसीला कुणी करवत लावली नव्हती, आणि आता हा गडी गॅस कटर घेऊन निघाला होता.

गुरुवारी सकाळी मी आजऱ्याची एसटी धरली. आजऱ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत एका गावात भाताची गिरणी आहे आणि ती अजून एका जुन्या पेट्रोल इंजिनावर, रॉकेल पाजून चालते, असं गडहिंग्लजच्या एका टायरवाल्याने सांगितलं होतं. आता वीज आल्यामुळे मालकीण मोटर बसवणार होती, त्यामुळे इंजिन विकाऊ होतं.

गिरणीत पाचसहा बायामाणसं पोती घेऊन बसली होती. मालकीण आनूबाई लोहार कांडणाच्या हौद्यापाशी उभी होती. साठीची, कोंड्याने पांढरी झालेली, पदर खोचलेला. नवरा भरमू लोहार चार वर्षांपूर्वी वारला होता. ती गिरणी त्यानेच उभी केलेली, हे टायरवाल्याने सांगितलं होतं.

"इंजिन बगायला आलाय न्हवं? बगा की," ती म्हणाली. "आदी जेवून घेता का?"

"जेवायला नाही आलो," मी म्हणालो. माझं हे असंच असायचं.

तिने इंजिन बंद केलं. मी चिंधी रॉकेलमध्ये भिजवून ब्लॉक पुसायला लागलो. कोंडा आणि तेल यांचा बोटभर थर होता. तो निघाला आणि खालची ओतीव अक्षरं दिसली तेव्हा मी ती दोनदा वाचली. बी, सतरा, दोन. बी म्हणजे फेब्रुवारी, सतरा तारीख, बेचाळीस साल. कर्नलांचा ट्रक बेचाळीसच्या एप्रिलमधला. दोन महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. असा जोड मला आयुष्यात दोनदाच मिळाला होता.

मग मी ब्लॉकची वरची कड पुसली आणि तिथे छिन्नीने कोरलेला आकडा दिसला.

सिलिंडर झिजले की मिस्त्री ते आतून कापून मोठे करतात. किती कापलं ते पुढच्या मिस्त्रीला कळावं म्हणून तो आकडा ब्लॉकवर ठोकतात. आधी वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारावे भाग, मग चाळीस, फार झालं तर साठ. दर वेळी सिलिंडरची भिंत पातळ होते. इथे कोरलं होतं ऐंशी. आठाचं तोंड वरून जरा उघडं होतं, पण हत्यार झिजलं की आठ असा उघडा पडतो, हे मला शाळेतल्या पोराला पाढे यावेत तसं येत होतं. ऐंशी म्हणजे भिंतीच उरल्या नाहीत. महिनाभर पळेल आणि कुठेतरी घाटात फुटेल.

हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याचा सगळा राग मी त्या बाईवर काढला.

"हे काम कुणी केलं?"

"आमच्या मालकांनी."

"इंजिनाचा खून केलाय त्यांनी. ऐंशी थाऊ कापलंय. असलं काम कसाई करतो, मिस्त्री नाही."

पोत्यावरची माणसं वळून बघायला लागली. आनूबाई पुढे आली.

"किती म्हनलासा?"

"ऐंशी."

"नीट वाचलं न्हवं?"

"बाई, वीस वर्षं हेच वाचतोय मी."

"मालकांनी वंगाळ काम कदी केलं न्हाई. वरचं हेड खोलून मोजून बगा. पाना देते."

"मोजायला कशाला पाहिजे? मोजतात ते ज्यांना वाचता येत नाही ते."

तिने काढलेला पाना परत खुंटीला अडकवला.

"मालक मेल्यात माजं," ती म्हणाली. "आता काय फाशी देनार हाईसा? जावा तुमी."

मी त्या आकड्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. छाप उठला. ही माझी सवय होती, पुरावा घेतल्याशिवाय मी कुठूनही हलत नसे. कागद घडी करून वहीत ठेवला आणि एसटीच्या फाट्यापर्यंत भरमू लोहाराला मनातल्या मनात शिव्या घालत चाललो.

दुपारी चारला रुकडीला पोचलो. नलवडे शेडमध्येच होता, डिझेल इंजिनाची मापं घेत. कर्नलांना मी सगळं सांगितलं आणि तो कागद त्यांच्यापुढे टाकला.

"साल तेच, गाडी तीच, पण कुणा गावठी लोहाराने वाट लावलीय. हे बघा, ऐंशी."

कर्नलांनी चष्मा लावला. नलवडेही टेपची पट्टी गळ्यात टाकून मागून डोकावला.

"ऐंशी कुठाय ह्यात?" तो म्हणाला.

"तुला इंग्रजी आकडे दिसतात का?"

"इंग्रजी न्हाईतच ते. चार हाय त्यो. आपला, मराठी. चाळीस लिवलंय."

मी कागद ओढून घेतला. वरून उघडा, खाली गाठ मारलेला. पहिलीच्या पाटीवर गिरवतात तो ४. झिजलेलं हत्यार वगैरे काही नव्हतं. शेजारचं शून्य दोन्ही भाषांत सारखंच. बेचाळीस सालच्या कॅनडातल्या तारखा वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांना आजऱ्याच्या लोहाराचा चार वाचता आला नव्हता, कारण इंजिनावर मराठी असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आमचं आप्पाबी असंच ठोकायचं," नलवडे म्हणाला. "सातवीपातूर एवडं येतंय, नंबरवाले."

तो नुसता म्हणाला नाही, तर मांडीवर थाप मारून हसला. कर्नल हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे जसं पाहिलं, त्यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. चाळीस म्हणजे इंजिन जिवंत होतं.

शुक्रवारी पहिल्या गाडीने परत आजरा. गिरणी चालू होती. मी दारातच उभा राहिलो. इंजिनाचा आवाज आदल्या दिवशी मी ऐकलाच नव्हता, आता ऐकला. सहाच्या सहा सिलिंडर एका लयीत, कुठे खोकला नाही. कान असलेल्या कुठल्याही माणसाला तो आवाज पुरेसा होता.

"आनूबाई, माझं चुकलं," मी म्हणालो. "तो आकडा चाळीस आहे."

तिने हौद्यात भात ओतणं थांबवलं नाही.

"मला म्हाईत हाय."

"काल माहीत होतं?"

"व्हय तर. त्यो चार माजाच हाय." तिने रिकामी बुट्टी खाली ठेवली. "मालकांना शाळा न्हाई. मी चौती शिकलेली. लगीन झाल्यावर चुलीम्होरं कोळशानं आकडं काडून त्यांना मीच शिकवलं. इंजिनावर कोरायचं हुतं तवा मी खडूनं काडलं आन त्येंनी छिन्नी मारली. चार तर तीन डाव पुसून काडला, वाकडा नगं म्हनून."

"मग काल मला सांगितलं का नाही?"

"तुमी इच्यारलं? तुमी कसाई म्हनलासा. धा मानसांत." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी म्हनलं, वाचू दे ह्येला काय वाचायचं त्ये. जाऊ दे मोकळ्या हातानं. मला पाना बी द्यायला नगं हुता."

पोत्यावर आज आठदहा जण होते. त्यातले दोघे तरी कालचे होते. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणालो, "काल मी भरमू लोहारांच्या कामाला नावं ठेवली. काम चोख आहे. मला वाचता आलं नाही."

असं मी कुणापुढे कधी बोललो नव्हतो, बायकोपुढेही नाही. एक म्हातारा "बरं बरं" म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

"आता द्याल इंजिन?" मी आनूबाईला विचारलं. "उद्या दहा वाजता तो ट्रक कापतील. एकदा कापला की संपलं."

"ट्रकानं माजं काय वाईट केलं न्हाई," ती म्हणाली. "ह्यो चार तुमाला वाचता आला, का कुनी वाचून दिला?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. पण ती डोळ्याला डोळा लावून उभी होती.

"वाचून दिला. नलवडे म्हणून एक मिस्त्री आहे."

"तुमचा दोस्त?"

"नाही. त्याचं माझं पटत नाही."

"मग शानं हाय म्हनायचं मानूस." तिने हात पदराला पुसले. "त्येला धाडा. त्यो ईल, वाचंल, घिऊन जाईल. त्येनंच बसवायचं. तुमचा हात माज्या मालकाच्या इंजिनाला लागायचा न्हाई. आज न्हाई, फुडंबी न्हाई. सबूद देता का? दिला तर इंजिन हाय, न्हाईतर भंगारवाला उद्या येनारच हाय."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो? ट्रक वाचवायचा तर माझ्या वैऱ्याच्या हातानेच वाचवावा लागणार होता, आणि ते त्याला सांगायलाही मीच जायचं होतं.

शनिवारी पावणेदहाला नलवडेने शेडमध्ये गॅस कटर पेटवून बघितला. निळी ज्योत नीट करून परत विझवली. कर्नल खुर्ची टाकून बसले होते. मी नलवडेच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"आजऱ्याला जाऊन इंजिन घेऊन ये," मी म्हणालो. "बाई तुलाच देणार आहे."

"मलाच का?"

"तुला वाचता आलं म्हणून."

"आन तुमाला?"

"मला नाही आलं."

"सायेबांना ऐकू गेलं न्हाई वाटतं."

मी कर्नलांकडे वळून सगळं सांगितलं. कसाई म्हणालो तेही, पाना नाकारला तेही, शब्द दिला तेही. नलवडे मान डोलावत, चव घेत ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने कटर खाली ठेवला. त्याचं डिझेल इंजिन दारात धुऊनपुसून उभं होतं आणि त्याने नुसतं "न्हाई जात" म्हटलं असतं तरी कुणी त्याला दोष दिला नसता.

"बाईनं माजं नाव घेतलं?" त्याने विचारलं.

"घेतलं. शहाणा माणूस म्हणाली."

"आयला," तो म्हणाला आणि नळी गुंडाळायला लागला. "माजं डिझेल कुटंबी जाईल. पन हे मी तुमच्यासाटनं करत न्हाई, चौगुले. कान उगडं ठेवून ऐका."

संध्याकाळी टेम्पोतून इंजिन आलं. बाईने आधी त्याच्याकडून आकडा मोठ्याने वाचून घेतला, मग पिठलं-भात वाढला, असं त्याने मला दोन वेळा सांगितलं. हेड उचलून त्याने सहाही सिलिंडर मोजले. चाळीस, केसाचा फरक नाही. मला त्याने मोजमापाचा कागद दाखवला, हातात मात्र दिला नाही.

पुढचा आठवडाभर मी रोज शेडमध्ये जात होतो. जायला नको होतं, पण घरी बसवत नव्हतं. खिशात हात घालून पाच फुटांवर उभा राहत असे. नलवडेला डिझेल कळत होतं, पेट्रोल इंजिनाची जुनी खोड त्याला ठाऊक नव्हती. शनिवारी संध्याकाळपर्यंत इंजिन बसलं, जोडणी झाली, पण सुरू होईना. हँडल मारून मारून दोन गडी घामाघूम झाले. नुसते फटाके वाजत होते.

"टायमिंगची खूण सापडंना," नलवडे माझ्याकडे न बघता म्हणाला. "फुडच्या पुलीवर कायबी न्हाई."

"पुढे नसते. मागे फ्लायव्हीलच्या डब्याला एक भोक आहे. आत बघ. फ्लायव्हीलमध्ये पोलादाचा एक छर्रा ठोकलेला असतो, तो काट्यासमोर आला पाहिजे."

तो आडवा झाला. टॉर्च तोंडात धरून शोधायला लागला. दहा मिनिटं गेली.

"दिसंना. काजळी हाय सगळी. तुमी लावा की हात. बाई काय बगतीया हितं?"

शेडमध्ये तो, मी आणि ते दोन गडी. माझी बोटं खिशात वळवळत होती. डोळे मिटून मी तो छर्रा शोधून दिला असता.

"नाही," मी म्हणालो. "चिंधी रॉकेलमध्ये बुडव आणि पूस. आणखी डावीकडे. थांब. आता फ्लायव्हील मागे घे, हळू. आणखी थोडं."

"घावला," तो आतून म्हणाला.

मी बोलत होतो आणि तो करत होता, तासभर. त्या तासात आम्ही एकमेकांना एकही वाकडा शब्द बोललो नाही. मग हँडल मारलं आणि इंजिनाने धरलं. सहाच्या सहा सिलिंडर एका लयीत. नलवडे ट्रकखालून बाहेर आला, तोंड काळं, आणि कर्नलांना बोलवायला पळत गेला.

रविवारी पलटणीची चाळीसएक म्हातारी माणसं आली. बिल्ले लावून, काठ्या टेकत. ट्रक शेडमधून स्वतःच्या चाकांवर बाहेर आला, चॅसी अखंड, नाकावर हार. त्यातले दोघे असलाच ट्रक चालवलेले ड्रायव्हर होते. ते बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. कर्नलांनी चार शब्द बोलायला सगळ्यांना गोळा केलं.

"हा ट्रक आज मूळ जातीच्या इंजिनावर चालतोय," ते म्हणाले. "हे इंजिन ओळखलं आणि आणून बसवलं ते आमच्या नलवडे मिस्त्रींनी."

नलवडेने गर्दीतून माझ्याकडे बघितलं. इंजिन चौगुलेंनी शोधलं, खूणही त्यांनीच सांगितली, एवढं एक वाक्य तो बोलू शकला असता. त्याने मान खाली घातली आणि हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या सुरू झाल्या. मी खिशातले हात बाहेर काढले आणि टाळ्या वाजवल्या.